घरातलं कुठलं उपकरण वर्षाला किती वीज खातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल वाढलं की प्रश्नांचा ओघ सुरू होतो आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. प्रत्येक उत्तर एकेकटं वाचलं तरी कळेल, जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे नंबर दिलाय. आधी युनिट काढायचे, रुपये नंतर, हा क्रम मोडू नका कारण दर बदलत राहतात आणि युनिट तेच राहतात.

१. एक युनिट म्हणजे नक्की किती वीज?

१००० वॅटचं काहीही एक तास चालवलं की एक युनिट. १०० वॅटचं असेल तर दहा तास लागतील, १० वॅटचं असेल तर शंभर तास. मीटरवर जे केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं ते म्हणजेच हे युनिट. महावितरण असो, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा असो, गोव्यात सरकारचं वीज खातं असो, युनिट सगळीकडे एकच आहे.

२. वर्षाचा हिशोब कसा करायचा? सोप्पं सांगा.

वॅट × रोजचे तास × वर्षातले दिवस ÷ १०००. बस्स एवढंच.

हॉलमधला साधा सीलिंग फॅन धरा ७५ वॅट, दिवसाला १२ तास, थंडीचे दोन महिने सोडून ३०० दिवस. ७५ × १२ × ३०० = २,७०,००० आणि त्याला हजारने भागलं की २७० युनिट. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज ६ तास वर्षभर जळला तर जेमतेम २० युनिट.

आता ही दोन उदाहरणं बघा, सगळा विषय त्यात आहे. मिक्सर ७५० वॅटचा, रोज दहा मिनिटं, पूर्ण लोड धरला तरी वर्षाला ४६ युनिटच्या आसपास. आणि कोपऱ्यातला वायफाय राउटर १० वॅटचा पण चोवीस तास चालू, तो ८७ युनिट. म्हणजे मिक्सरच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. वॅट मोठे दिसले की लोक घाबरतात पण वर्षाच्या हिशोबात खरा खेळ तासांचा असतो.

एक आकडा पाठच करून ठेवा: १ वॅट वर्षभर अखंड चालू राहिला तर ८.७६ युनिट. कायम चालू असणाऱ्या कुठल्याही वस्तूचे वॅट ह्याने गुणले की काम झालं.

३. वॅट कुठे लिहिलेले असतात? आमच्या मशीनवर फक्त व्होल्ट आणि अँपिअर आहेत.

मागच्या बाजूला किंवा बुडाशी एक छोटी पट्टी चिकटवलेली असते तिच्यावर. चार्जर, राउटर वगैरेंच्या अॅडॉप्टरवर "इनपुट" आणि "आउटपुट" असे दोन आकडे असतात, त्यातला इनपुटचा अँपिअर हा जास्तीत जास्तचा असतो, प्रत्यक्षात त्याच्या खूप खाली चालतं. आउटपुट १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर जास्तीत जास्त १२ वॅट बाहेर जाऊ शकतात आणि राउटर बहुतेक वेळा तेवढेही घेत नाही.

फक्त अँपिअर दिले असतील तर व्होल्ट × अँपिअर करायचा मोह होतो. हीटर, गिझर, इस्त्री, टोस्टर ह्यांना ते चालतं. मोटर असलेल्या वस्तूंना नाही चालत, तिथे पॉवर फॅक्टर (व्होल्ट × अँपिअरपैकी खरी वापरली जाणारी वीज किती, ते प्रमाण) मध्ये येतो आणि गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो. फ्रिजवर १ अँपिअर लिहिलंय म्हणून तो २३० वॅट खातो असं समजू नका. अशा वस्तूंसाठी प्र. १४ मधली पद्धत वापरा.

४. तासांचा अंदाजच येत नाही हो, कसा काढायचा?

अंदाज काढू नका, एक आठवडा लिहून ठेवा. स्विचबोर्डशेजारी कागद चिकटवायचा आणि जो लावेल बंद करेल त्याने वेळ टाकायची. घरातले पोरं हे काम आनंदाने करतात. शनिवार रविवार त्यात आलेच पाहिजेत कारण सुट्टीच्या दिवशी टीव्ही आणि पंख्याचे तास वेगळेच असतात. लोडशेडिंग असेल तर ते तास वजा करा (इन्व्हर्टर असेल तर मात्र प्र. १७ बघा).

आणि एका महिन्याचा आकडा काढून सरळ १२ ने गुणू नका. एप्रिलचा एसी १२ महिने चालत नाही, डिसेंबरचा गिझरही नाही. हंगामी वस्तूंचं प्र. १६ मध्ये.

५. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेलेच असतात की, मग हिशोब कशाला?

काही वस्तूंना तो आकडा कामाचा आहे, पण तो कसा आलाय ते माहीत हवं. हे लेबल ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईईचं, योजना २००६ पासून चालू आहे. आकडा प्रयोगशाळेत ठरलेल्या परिस्थितीत मोजलेला असतो. दुकानात दोन फ्रिज शेजारी शेजारी ठेवून कुठला कमी खाईल हे ठरवायला तो उत्तम, तुमच्या स्वयंपाकघरात तो नेमके किती खाईल ह्यासाठी मात्र फक्त सुरुवात.

दुसरं म्हणजे स्टारांची तुलना करताना लेबलवरची वर्षं बघा. निकष मधूनमधून कडक होतात. एसीचे १ जुलै २०२२ पासून एक स्टारने वर गेले, म्हणजे त्याच्या आधीचा ५ स्टार एसी त्या दिवसापासून ४ स्टारच्या लायकीचा झाला, मशीन तेच. जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना स्टार मोजू नका, युनिटचा आकडा वाचा. सीलिंग फॅनला लेबल २०२३ पासून सक्तीचं झालंय.

गिझरच्या लेबलबद्दल खूप गैरसमज आहे, ते प्र. ८ मध्ये.

६. फ्रिज तर २४ तास चालू, म्हणजे १५० × २४ × ३६५ ना? हे तर १३०० युनिट झाले!

नाही झाले. फ्रिजचं बटण चोवीस तास चालू असतं, कॉम्प्रेसर नसतो. आत गार झालं की तो थांबतो, गरम व्हायला लागलं की परत सुरू. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला फ्रिज थांबत नाही पण हळू चालतो, हिशोबाला दोन्ही सारखंच अवघड. म्हणून फ्रिजला प्र. २ चं सूत्र लावूच नका. लेबलवरचा वर्षाचा आकडा घ्या, आजकालच्या साध्या सिंगल डोअरला तो दोनशेच्या आत बाहेर असतो, आणि तुमच्या घरची परिस्थिती बघून वाढवा.

वाढतो कशाने ते सांगते. फ्रिज भिंतीला चिकटवलेला, गॅसच्या शेगडीशेजारी, दाराचं रबर सैल, दिवसातून पन्नास वेळा उघडझाप, गरम भाताचं पातेलं तसंच आत. रबर तपासायचं तर दारात एक कागद अडकवून दार लावा आणि ओढा, अलगद निघाला तर रबर गेलं. जुन्या डायरेक्ट कूलमध्ये (ज्यात बर्फ आपोआप वितळत नाही असा फ्रिज) फ्रीझरला बोटभर बर्फ साचला असेल तर तोही वीज वाढवतो.

खरा आकडा हवा असेल तर प्लग मीटर लावून (प्र. १५) पूर्ण दोन दिवस मोजा, एक तास मोजून काहीच कळत नाही. मे महिन्यात एकदा आणि थंडीत एकदा मोजून सरासरी घेतली तर फारच छान.

७. एसीच्या लेबलवर ८०० युनिट लिहिलंय. आम्ही फक्त रात्री लावतो, तरी ८०० धरायचे का?

नाही. भारतात एसीच्या लेबलवरचा वर्षाचा आकडा १६०० तासांचा असतो, म्हणजे ८०० ÷ १६०० = तासाला सरासरी अर्धा युनिट. तुम्ही रोज रात्री ८ तास, साधारण १२० रात्री लावत असाल तर ९६० तास, म्हणजे ४८० युनिट. तुमचे तास तुम्ही टाका.

हे सरासरीचं गणित झालं. "दीड टन" ह्या आकड्यावरून वॅट काढू नका, तो टन म्हणजे खोलीतून किती उष्णता बाहेर फेकली जाते त्याचं माप आहे (१ टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता), विजेचं नाही. इन्व्हर्टर एसी पहिला अर्धा तास जोरात ओढतो आणि मग खाली येतो, त्यामुळे दोन तास दोन तास करून चारदा लावणं आणि सलग आठ तास लावणं ह्यात फरक पडतो. बीईई सांगते की तापमान एक डिग्रीने वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. १८ वर लावून गोधडी घेऊन झोपणाऱ्यांनी लेबलचा आकडा विसरावा. वरचा मजला आणि स्लॅब तापलेला असेल तरीही.

८. गिझरचं कसं मोजायचं? २००० वॅट लिहिलंय पण तो मधेच बंद होतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

गिझर किती वेळ चालला ते विसरा, पाणी किती आणि किती डिग्रीने तापवलं ते बघा. सूत्र: लिटर × वाढवलेल्या डिग्री ÷ ८६० = युनिट. पाणी तापवायला लागणारी उष्णता ठरलेली आहे, ती २००० वॅटच्या गिझरने द्या नाहीतर ३००० वॅटच्या इन्स्टंटने किंवा बादलीत टाकायच्या हीटिंग रॉडने, युनिट जवळपास तेवढेच. मोठे वॅट म्हणजे लवकर तापतं, जास्त वीज खातं असं नव्हे.

चार माणसांचं घर, प्रत्येकी २० लिटरची एक बादली, म्हणजे ८० लिटर. नळाचं पाणी थंडीत १८ डिग्री आणि अंघोळीला ४० लागतं, वाढ २२. ८० × २२ ÷ ८६० म्हणजे रोजचे २ युनिटपेक्षा थोडेसे जास्त. थंडीचे १२० दिवस धरले तर जवळपास २४६. बाकीच्या दिवसांत टाकीतलं पाणी २६ च्या आसपास, वाढ फक्त १४, रोजचे १.३, असे १८० दिवस म्हणजे २३४. उन्हाळ्याचे दोन महिने गिझर बंद. वर्षाचे ४८० युनिट. मुंबई कोकणात पाणी मुळातच कोमट असतं तिथे कमी येतील, नाशिक महाबळेश्वरकडे जास्त. शॉवर असेल तर बादलीपेक्षा पाणी किती जास्त जातं ते एकदा शॉवरखाली बादली ठेवून बघाच.

आता लेबल. स्टोरेज गिझरचे स्टार पाणी तापवण्यासाठी नसतातच, ते तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना किती उष्णता गळते त्यासाठी असतात. तो आकडा चोवीस तासांचा दिलेला असतो. म्हणजे तुम्ही गिझर लावून अंघोळ करून लगेच बंद करत असाल तर ३ आणि ५ स्टारमध्ये तुमच्या बिलाला फारसा फरक नाही. पण दिवसभर चालू ठेवायची सवय असेल तर ती गळती रोज वरच्या ४८० मध्ये मिळवावी लागेल. सोलर हीटरला बॅकअप कॉइल असते तीही अशीच, पावसाळ्यात बंद करायची राहून जाते.

९. आमच्याकडे व्होल्टेज कमी असतं, मग वीज कमी जाते का?

हीटर प्रकारच्या वस्तूंचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. २३० व्होल्टला २००० वॅट देणारी कॉइल २०० व्होल्टला १५०० च्या आसपास येते. पण पाणी तेवढंच तापवायचंय, म्हणून वेळ जास्त लागतो आणि युनिट तेवढेच राहतात, उलट हळू तापताना गळती किंचित वाढते. प्र. ८ च्या सूत्रात व्होल्टेज नाहीच, म्हणून ते सगळीकडे चालतं.

मोटरचं उलट आहे. पंप, फ्रिज, एसी ह्यांना कमी व्होल्टेजवर तेवढंच काम करायला जास्त अँपिअर ओढावे लागतात, वायंडिंग तापतं आणि वीज वाया जाते. शिवाय मोटर जळायची भीती वेगळी.

१०. पंखा हळू केला तर वीज वाचते का? आई म्हणते काहीच वाचत नाही.

रेग्युलेटर कुठला आहे त्यावर. आईंच्या काळात तो मोठा डबा असायचा ना, हात लावला तर गरम लागणारा, त्यात पंख्याची वाचलेली वीज बरीचशी उष्णता होऊन जायची, त्यामुळे त्यांचं म्हणणं त्या रेग्युलेटरसाठी बऱ्यापैकी खरं आहे. आताच्या स्विचसारख्या छोट्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने स्पीड कमी केला की युनिट खरंच कमी होतात.

बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा) पूर्ण स्पीडला ३० वॅटच्या आसपास. प्र. २ मधल्याच तासांनी १०८ युनिट येतात, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला १६२ युनिटची बचत. पण हे जिथे पंखा बारा तास फिरतो तिथेच, पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही हाती लागणार नाही. बीएलडीसीला जुना रेग्युलेटर लावायचा नसतो, तो वायरमनला सांगून काढून टाका.

११. पंपावर एचपी लिहिलंय, त्याचे वॅट किती? आणि घरघंटीचे?

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटरच्या दांड्यावर मिळणारे. मीटरमधून त्यापेक्षा जास्त ओढले जातात कारण मोटरमध्ये काही वाया जातं. घरगुती १ एचपीच्या पंपाला १.१ किलोवॅट धरा. टाकी भरायला रोज वीस मिनिटं लागत असतील तर वर्षाला १३५ युनिटच्या आसपास. तीच टाकी भरायला आता चाळीस मिनिटं लागायला लागली असतील तर फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) बघा, किंवा बोअरची पातळी खाली गेली असेल.

घरघंटी १ एचपीची असते, साधारण १ किलोवॅट धरलं आणि आठवड्याला एक तास दळण तर वर्षाला ५२ युनिट. गिरणीत द्यायचे पैसे आणि हे जरूर ताडून बघा.

सोसायटीच्या पंपाचे युनिट तुमच्या मीटरवर येत नाहीत, ते कॉमन मीटरवर आणि मेंटेनन्समधून जातात.

१२. मायक्रोवेव्हवर ८०० लिहिलंय, पण मोजलं तर १२०० दाखवतं. मशीन खराब आहे का?

अजिबात नाही. ८०० हे अन्नाला मिळणारे वॅट, भिंतीतून ते १२०० च्या आसपास घेतं. हिशोबाला मागच्या पट्टीवरचा इनपुट आकडा घ्या.

इस्त्रीला थर्मोस्टॅट असतो, लाल दिवा लागलेला असेल तेवढाच वेळ ती वीज खाते, म्हणून १००० वॅट × तास केलं तर जास्त येतं. साधारण अर्धा वेळ धरलात तर बरोबरच्या जवळ जाल. वॉशिंग मशीनचं नुसतं धुणं स्वस्त आहे, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की आतली दोन हजार वॅटची कॉइल चालू होते आणि मग ते गिझरच, प्र. ८ चं सूत्र लावा. इंडक्शनला स्वयंपाकाचा पॅनलवरचा वॅटचा आकडा × वेळ चालतं, पण कमी सेटिंगला तो चालू बंद होत असतो हे लक्षात ठेवा.

१३. रिमोटने बंद केलेला टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स वीज खातात का?

आताचा टीव्ही रिमोटने बंद असताना एक वॅटच्या आत असतो, म्हणजे वर्षाला फार तर आठ नऊ युनिट. सेटटॉप बॉक्सचं वेगळं, बरेच बॉक्स रिमोटने बंद केले तरी जवळपास तेवढीच वीज घेत राहतात, फक्त दिवा लाल होतो. हात लावून बघा, रात्रभर बंद असून सकाळी कोमट लागला तर तो जागाच होता. १० वॅटचा असेल तर ८७ युनिट, त्यातले टीव्ही बघण्याचे तास किती ते तुम्हीच ठरवा. बोर्डावरचं बटण बंद करणं हाच उपाय.

मोबाईलचा रिकामा चार्जर मात्र इतकं कमी खातो की त्यावर भांडण करू नका.

१४. काहीही विकत न घेता उपकरणाचे खरे वॅट मोजता येतात का?

येतात, आणि मला ही पद्धत सगळ्यात आवडते. मीटरवर एक लाल लाईट लुकलुकत असते आणि तिच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा इम्प ह्या शब्दासोबत छापलेला असतो. ३२०० म्हणजे ती लाईट ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट.

एकाला मीटरपाशी उभं करा, एकजण घरात. घरातलं सगळं बंद करायचं, राउटर, बॉक्स, इन्व्हर्टरचं चार्जिंग, झाडून सगळं. लाईट स्थिर राहिली म्हणजे काही चालू नाही. मग फक्त ती एकच वस्तू लावा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून दहा लुकलुक मोजा. पहिली लुकलुक दिसली तिथे शून्य म्हणायचं, एक नाही, नाहीतर आकडा चुकतो. ३२०० च्या मीटरला: ११२५ × लुकलुक ÷ सेकंद = वॅट. १६०० च्या मीटरला ११२५ च्या जागी २२५०. दुसरा कुठला आकडा असेल तर ३६ लाखाला त्याने भागा.

फ्रिज लावल्यावर दहा लुकलुक ८० सेकंदांत झाल्या तर ११२५ × १० ÷ ८० = १४० वॅट. थोड्या वेळाने कॉम्प्रेसर थांबला की हीच लाईट पुढच्या लुकलुकीला कितीतरी वेळ घेईल, तेव्हा प्र. ६ मध्ये काय म्हटलंय ते डोळ्यांनी दिसतं.

मीटरच्या सीलला किंवा वायरला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मीटर तळमजल्यावर अंधाऱ्या खोलीत असेल तर टॉर्च न्या आणि आपलाच मीटर आहे ना ते बिलावरच्या मीटर नंबरशी ताडून घ्या.

१५. स्मार्ट प्लग किंवा क्लॅम्प मीटर घेऊ का?

फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन ह्यांच्यासाठी युनिट दाखवणारा प्लग मीटर फार उपयोगी. फक्त प्लगची क्षमता बघा, गिझर आणि एसीला १६ अँपिअरचाच लागतो, छोट्यावर लावलात तर तो वितळतो. क्लॅम्प मीटर एकाच वायरभोवती लावायचा असतो, फेज न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्या तर शून्य दाखवतो, "आमचा एसी शून्य खातो" असे मेसेज ह्यामुळेच येतात. आणि तो अँपिअर दाखवतो, वॅट नाही, प्र. ३ मधली अडचण तिथेही आहेच. त्याचं काम वायरमनकडूनच करून घ्या.

१६. कूलर तीनच महिने असतो, गणपतीत लायटिंग दहा दिवस. ह्यांचं वर्षाचं कसं धरायचं?

प्र. २ चं सूत्र, फक्त दिवस खरे टाका. नागपूर अकोल्याकडचा मोठा लोखंडी कूलर पंख्याची मोटर आणि पाण्याचा पंप मिळून १८० वॅट धरला, रोज १४ तास, १०० दिवस, तर २५२ युनिट. म्हणजे तीन महिन्यांत त्याने जवळजवळ वर्षभराच्या पंख्याएवढी वीज घेतली. गवताचे पॅड बदलले नाहीत तर गारवा कमी मिळतो आणि तास वाढतात.

गणपतीपुढे ५०० वॅटचे दोन हॅलोजन, संध्याकाळचे ६ तास, १० दिवस: ६० युनिट. तिथेच ५० वॅटचे एलईडी फोकस लावले तर ६. दिवाळीच्या एलईडी माळा इतक्या कमी घेतात की मोकळ्या मनाने लावा.

१७. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर चालवलेलं फुकट असतं ना?

नाही, ती वीज आधी मीटरमधूनच बॅटरीत गेलीये आणि वाटेत काही गळली आहे. बॅटरीवरून १ युनिट वापरलात की मीटरवर दीड युनिटच्या आसपास धरा, जुन्या बॅटरीला जास्तच. १५० अँपिअर अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे पूर्ण भरलेली १.८ युनिट, ह्यापेक्षा जास्त ती देऊच शकत नाही.

शिवाय लाईट गेलीच नाही तरी इन्व्हर्टर स्वतः काहीतरी घेत असतोच. समजा १५ वॅट, तर वर्षाला १३१ युनिट. जिथे महिनोन् महिने लाईट जात नाही तिथे हा आकडा आधी बघा. नेमका तुमच्याकडे किती ते प्र. १४ च्या पद्धतीने कळेल, बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर मोजा.

१८. छतावर सोलर बसवलंय, आता मीटर बघून काही कळतच नाही.

बरोबर, कारण दिवसा पॅनलची वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेली बाहेर जाते. नेट मीटर फक्त आत आलेली आणि बाहेर गेलेली मोजतो, घरातल्या घरात वापरलेली त्याला दिसतच नाही. म्हणून घराचा एकूण वापर = सोलर इन्व्हर्टरवर दिसणारी निर्मिती + आत आलेली − बाहेर गेलेली. एका उपकरणाचा हिशोब मात्र सोलरमुळे काही बदलत नाही. लुकलुक मोजायची असेल तर सूर्य मावळल्यावर मोजा.

१९. युनिट कळले, आता रुपये कसे काढू? एकूण बिल भागिले एकूण युनिट केलं तर चालेल का?

ढोबळ चालेल, पण बचत किती होईल हे विचारत असाल तर चुकेल. महावितरणचे घरगुती दर टप्प्याने वाढतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर. तुमचा महिना ३२० युनिटचा असेल आणि एखादी वस्तू बदलून २० वाचले तर ते वीस महागड्या टप्प्यातले वाचतात, सरासरी दराने नाही. स्थिर आकार तर काहीही केलं तरी तेवढाच. म्हणून बिलावर तुमचा शेवटचा टप्पा कुठला ते बघा, त्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. जो आकडा येईल तो तुमच्या वाचलेल्या युनिटचा खरा भाव. समजा तो १० रुपये आला तर प्र. १० मधल्या पंख्याची बचत वर्षाला १६२० रुपये.

भाड्याने राहत असाल आणि घरमालक सबमीटरवर एकच दर लावत असेल तर टप्प्यांचा प्रश्नच नाही, युनिट गुणिले तो दर.

२०. सगळ्या वस्तूंची बेरीज केली, बिलाशी जुळतच नाही.

दहा पंधरा टक्के इकडे तिकडे असेल तर तुम्ही उत्तम काम केलंय, थांबा. त्याहून जास्त फरक असेल तर क्रमाने बघा.

बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो, वर्षाची बेरीज त्यावरून घ्या, एका महिन्यावरून नको. मग मीटरची स्थिती वाचा. रीडिंग मिळालं नाही किंवा मीटर नादुरुस्त असेल तर सरासरी बिल आलेलं असतं, ते युनिट खरे नसतात, पुढच्या महिन्यात ते एकदम वर खाली होतात. मागचं आणि चालू रीडिंग मीटरवर जाऊन ताडून बघा.

मग विसरलेल्या वस्तू: वॉटर प्युरिफायर, सीसीटीव्ही, फिश टँकचा पंप, देवघरातला झिरोचा बल्ब, जिन्यातला दिवा. जुन्या पट्टीची ट्यूब असेल तर ३६ वॅट धरलेत का? चोकचे दहा बारा त्यात मिळवा.

एवढं करूनही मेळ बसला नाही तर घरातली मेन बंद करा आणि मीटरकडे बघा. मेन बंद असून लाईट लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मधे कोणीतरी जोडलेलं आहे किंवा वायर कुठेतरी गळते आहे. मग स्वतः शोधत बसू नका, वीज कंपनीत लेखी तक्रार द्या आणि मीटर तपासणीची मागणी करा.

२१. भावाने अमेरिकेतून मिक्सर आणलाय, ट्रान्सफॉर्मर लावून वापरतो. हिशोब बदलतो का?

मिक्सरचे वॅट पट्टीवरचेच, युनिटचं माप तिकडेही हेच. पण ट्रान्सफॉर्मर वापर नसताना भिंतीत लावलेलाच राहिला तर तो रिकामाही काही वॅट खातो आणि कोमट राहतो. १० वॅट असले तर पुन्हा ते ८७ युनिट, मिक्सरपेक्षा जास्त. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद.

२२. पंधरा वर्षांचा फ्रिज चांगला चालतोय, बदलावा का?

आधी मोजा. दोन दिवस प्लग मीटर लावून (प्र. ६) रोजचे २ युनिट आले तर वर्षाला ७३०. तेवढ्याच लिटरच्या नव्या फ्रिजच्या लेबलवर समजा २२० आहेत आणि तुमच्या वापराने ते २६० होतील असं धरलं तरी ४७० युनिट वाचतात. प्र. १९ मधल्या भावाने गुणा आणि नव्याच्या किमतीला त्याने भागा, किती वर्षांत वसूल होतो ते समोर येईल. पाच सहा वर्षांच्या आत येत असेल तर मी बदला म्हणेन. जुना रोजचा एकच युनिट घेत असेल तर नवं रबर बसवून घ्या आणि वापरत राहा.

आणि बदललात तर जुना गॅलरीत "पाण्याच्या बाटल्यांसाठी" चालू ठेवू नका, मग वाचलेलं सगळं गेलं आणि वर नव्याचे २६० वाढले.